शेळ्या मोजणाऱ्या आजोबांना

प्रिय आजोबा,

तुमचं नाव मला ठाऊक आहे, पण इथे लिहीत नाही. तुमच्या बुल्नेस गावात माणसं इतकी थोडी की नाव न घेताही कळायचं त्यांना कळेलच. माझी एक मैत्रीण या पत्राचं स्पॅनिश करून देणार आहे, ते तुमच्यापर्यंत पोचेल. मूळ पत्र मात्र मराठीतच लिहितेय, कारण यात थोडी कबुली आहे आणि ती ज्यांच्यापुढे द्यायला हवी ती आमची ट्रेकर मंडळी मराठी वाचतात.

आम्ही चौघं तुम्हाला भेटलो तो दिवस आठवत असेल. मी, सातारकर, ठाणेकर आणि पाय मुरगळलेला नाशिककर. कॉलेजात असताना शनिवार-रविवार घरी दिसलो तर आई विचारायची, बरं आहे ना? आता दोघं जर्मनीत, नाशिककर डब्लिनला आणि मी पुण्यात. बारा वर्षांनी एकत्र ट्रेक ठरला तो उत्तर स्पेनमधल्या तुमच्या पिकोस दे एउरोपाच्या डोंगरांत. फुएन्ते देच्या रोपवेने ७५३ मीटर एका दमात वर, तिथून ओर्कादोस रोखोसची खिंड, पलीकडे लोखंडी दोराला धरून उतरण, आणि संध्याकाळी उरिएयूच्या पायथ्याचा निवारा. २५१९ मीटरचा तो सुळका मावळतीला नारिंगी झाला तेव्हा चौघांपैकी कुणीही फोटो काढला नाही. आमच्या बाबतीत हे विशेषच.

तिसऱ्या सकाळी निवाऱ्याच्या रखवालदाराने बजावलं होतं, दुपारी समुद्राकडून धुकं येईल, पांदेबानोच्या खिंडीवरून जा, वाट मोठी आहे. आम्ही मान डोलावली. मग मी नकाशा उघडला. बुल्नेसला थेट उतरणारी एक वाट होती, काम्बुरेरोची ‘कानाल’. तुमच्याकडे कानाल म्हणजे दोन कड्यांमधली उभी घळ. म्हणजे आपली नाळच की! हरिश्चंद्रगडाला नळीच्या वाटेने चढलेल्या माणसांना नाळेचं काय भय? हे वाक्य माझं. बाकीच्यांनी फक्त सॅक उचलल्या.

शब्द ओळखीचा निघाला म्हणून डोंगरही ओळखीचा असेल, असं मी धरून चालले. आमचा सह्याद्री बेसॉल्टचा. गडावर पोचलं की कातळात खोदलेलं टाकं सापडतं, निदान सापडेल अशी आशा तरी असते. तुमचा डोंगर चुनखडीचा, पडलेलं पाणी भेगाभेगांतून पिऊन टाकणारा. वाटेत भरून घेऊ म्हणत आम्ही माणशी एकच लिटर घेतलं होतं. खाली उतरायचं होतं जवळजवळ १३०० मीटर. दोन तासांत बाटल्या खडखडल्या आणि बाराच्या सुमारास धुकं खालून वर आलं. आमच्याकडे पावसाळ्यात धुकं येतं ते वाऱ्याबरोबर येतं आणि जातंही. तुमचं आलं आणि बसलं. आम्ही ज्या दगडांच्या लगोऱ्या बघत उतरत होतो त्या दिसेनाशा झाल्या. मोबाइलवरचा निळा ठिपका एकदा या कड्यावर, एकदा त्या कड्यावर. त्यात एका ढोरवाटेला मळलेली वाट समजून आम्ही घसाऱ्यात शिरलो आणि नाशिककरचा घोटा गेला.

मग घंटा ऐकू आली. आधी घंटा, मग कुत्रा, मग तुम्ही.

तुम्ही रागावला नाहीत. सातारकरने घातलेलं क्रेप बँडेज सोडून पुन्हा बांधलंत, तेही बुटावरून, कारण बूट काढला तर परत चढणार नाही हे तुम्हाला माहीत होतं. आपली बाटली दिलीत. काठी दिलीत. नाशिककरची सॅक न विचारता खांद्यावर टाकलीत. वर चढण्यापेक्षा खालीच नेलेलं बरं, हे हातानेच सांगितलंत. एवढ्यासाठीही आभार मानायला हवेत, आणि ते मानतेच. पण पत्र लिहायला बसले ते वेगळ्याच गोष्टीसाठी.

दर चाळीस-पन्नास पावलांवर तुम्ही थांबत होतात. पाठ आमच्याकडे, तोंड धुक्याकडे, आणि बोट हवेत नाचवत शेळ्या मोजत होतात. ऊनो, दोस, त्रेस. नाशिककर पोचून दगडाला टेकला, त्याचा श्वास ताळ्यावर आला, की तुमची मोजणी संपायची. ‘पोको आ पोको’, म्हणजे हळूहळू, म्हणत पुढे. तिसऱ्या-चौथ्या वेळी ठाणेकर माझ्या कानाशी पुटपुटला, “अगं, दहा फुटांपलीकडे काही दिसत नाहीये. हे मोजतायत काय?”

नाशिककर हट्टी आहे. ‘थांब जरा’ म्हटलं असतं तर तो थांबला नसता, दात-ओठ खात चालला असता आणि पुन्हा पडला असता. आम्ही कॉलेजपासूनचे मित्र, आमच्या लक्षात ते आलं नाही. तुमच्या पाच मिनिटांत आलं. तुमच्या एकट्याच्या तासाभराच्या वाटेला तीन तास लागले, आणि त्यातला एकही थांबा त्याच्यासाठी होता असं तुम्ही त्याला जाणवू दिलं नाहीत.

उरिएयूवर पहिली चढाई १९०४ साली झाली. एक मार्क्विस, म्हणजे उमराव, पेद्रो पिदाल, आणि त्याच्याबरोबर काइन गावचा मेंढपाळ ग्रेगोरिओ पेरेस, जो अनवाणी चढला असं सांगतात. पिदालने पुढे याच डोंगरांसाठी खटपट केली आणि १९१८ मध्ये स्पेनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान इथे झालं. हे मी निवाऱ्यात अर्धवट ऐकलं होतं. पण दोराच्या त्या टोकाला मेंढपाळ का लागला असेल, ते तुमच्या मागून चालताना कळलं.

बुल्नेसला पोचल्यावर पैसे पुढे केले तर तुम्ही हात मागे बांधलेत. मग सातारकरने चिक्की काढली. ती घेतलीत, एक तुकडा तोंडात टाकून दाताला बोट लावत तोंड वाकडं केलंत, आणि उरलेली मात्र खिशात ठेवलीत. वर आम्हालाच काब्रालेस चीजचा गोळा दिलात. गुहेत मुरलेलं, निळ्या शिरांचं. त्याचा वास इतका की रात्री पिशवी खोलीच्या खिडकीबाहेर टांगावी लागली. चव? चौघांत भांडणं झाली.

नाशिककर डोंगरातल्या बोगद्यातून जाणाऱ्या रेल्वेने सात मिनिटांत पोंसेबोसला उतरला. ती २००१ साली सुरू झाली. त्याआधी तुमच्या गावातल्या आजारी माणसाला खाली कसं नेत असतील, ते आम्हाला त्या तीन तासांनंतर विचारावं लागलं नाही.

घोटा आता बरा आहे. आणि एक राहिलंच. गडबडीत तुमची काठी त्याच्याकडेच राहिली. विमानात हातात नेऊ देईनात, तेव्हा गड्याने सामानाचे जादा पैसे भरून ती डब्लिनला नेली आणि दाराशी उभी करून ठेवली आहे. जूनमध्ये तो ती परत द्यायला येतोय, आणि मीही. पांदेबानोवरून येऊ. माणशी तीन लिटर पाणी घेऊन.

तुमची,
ती नकाशा चुकीचा वाचणारी