कॅलेंडरमधली रिकामी चौकट म्हणजे होकार नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बैठकांच्या वेळा परस्पर ठरवणारा सॉफ्टवेअर एजंट पुण्यातील आमच्या कार्यालयात येऊन आता सहा महिने झाले. सर्वांची कॅलेंडरे पाहून तो सगळ्यांना मोकळा असलेला तास शोधतो, निमंत्रण धाडतो आणि कोणी नकार कळवल्यास पुन्हा जुळवाजुळव करतो. सात-आठ जणांची वेळ जमवताना दोन-दोन दिवस चालणारी मेलची ये-जा त्यामुळे थांबली, हे मान्यच करायला हवे.

अडचण अशी की, चौकट भरलेली आहे की रिकामी, एवढेच त्याला दिसते. माझी रात्री ८ ते ९ ही चौकट रिकामी असते. त्या वेळी वडिलांना जेवायला वाढायचे असते आणि त्यांच्या गोळ्या द्यायच्या असतात. ही काही कार्यालयाच्या कॅलेंडरमध्ये लिहिण्याची गोष्ट आहे, असे मला कधी वाटले नव्हते. न्यूयॉर्कमधील सहकाऱ्यांची सकाळी ९.३० ची बैठक उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी ७ ला येते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळे तासभर मागे गेली की तीच बैठक रात्री ८ वर जाते. पूर्वी अशा वेळी कोणीतरी ‘चालेल ना?’ असे विचारत असे. एजंटने विचारले नाही. चौकट रिकामी होती, ती त्याने भरली.

मग आमच्यापैकी अनेकांनी संध्याकाळच्या चौकटींत ‘महत्त्वाचे काम’ अशा खोट्या नोंदी टाकायला सुरुवात केली. (मीही टाकल्या, हे कबूल करतो.) परिणामी एका बैठकीसाठी एजंटला पुढच्या तीन आठवड्यांत एकही सामाईक वेळ सापडेना आणि अखेर व्यवस्थापकांनी एकेकाला फोन करून ती ठरवली.

कामाचे तास नोंदवण्याची सोय बहुतेक कॅलेंडरांत असते, पण ती भरतो कोण? कंपन्यांनी ती प्रत्येकाकडून भरून घ्यावी, त्या तासांबाहेरची वेळ एजंटने परस्पर पक्की न करता केवळ सुचवावी आणि आडवेळी बसण्याची पाळी दोन्ही देशांत आलटूनपालटून लावावी. हिवाळ्यात न्यूयॉर्कची मंडळी सकाळी ७ वाजता बसली, तर पुण्यात संध्याकाळचे ५.३० वाजलेले असतात. हे गणित एजंटला आमच्यापेक्षा चांगले येते. तसा नियम त्याला घालून देणे मात्र व्यवस्थापनाच्या हाती आहे.

कळावे,
आपला,
एक वाचक, पुणे