शेवटच्या पट्ट्या कुठे जातात

सातारा

प्रिय संतोष,
सप्रेम नमस्कार.

तुझा कोड नीट वाचला. हळदीच्या सौद्यांचा जावा भाषेतला प्रोग्राम दिवसभर बिनतक्रार चालतो, संध्याकाळी बंद केला की शेवटच्या काही हिशेबपट्ट्या फाइलमध्ये नसतात, एररही दिसत नाही. डिस्कला दोष देऊ नकोस. पट्ट्या लिहिणाऱ्या थ्रेडला (प्रोग्रामच्या आत इतर कामांसोबत स्वतंत्र चालणाऱ्या धाग्याला) तू सेटडीमन(ट्रू) करून डीमन केलं आहेस, गोम तिथे आहे.

डीमन म्हणजे दुय्यम किंवा हळू थ्रेड, असं तू धरून चाललास. प्रोसेसरचा वेळ त्याला इतरांसारखाच मिळतो. फरक एवढाच, की साधा थ्रेड एक जरी चालू असला तरी जेव्हीएम, म्हणजे जावाचा प्रोग्राम चालवणारी यंत्रणा, थांबून राहतो, आणि नुसते डीमन उरले की कुणासाठीही थांबत नाही. ते असतील तिथेच तुटतात. काहीही झालं तरी शेवटी चालावा म्हणून लिहिलेला फायनली ब्लॉकसुद्धा चालत नाही, म्हणजे तिथलं तुझं क्लोज() होतच नाही. फाइलमध्ये लिहिणारा बफर्डरायटर मुळात ८१९२ अक्षरं साठेपर्यंत मजकूर स्वतःजवळ ठेवतो. तो मजकूर प्रोग्रामबरोबर गेला.

पण नुसती ती ओळ काढू नकोस. मग उलटं होईल : थ्रेड रिकाम्या क्यूवर (पट्ट्यांच्या रांगेवर) टेक() करत, म्हणजे पुढच्या पट्टीची वाट बघत, बसलेला असेल आणि प्रोग्राम बंदच होणार नाही. 'थांब' सांगणारा व्होलाटाइल फ्लॅग (सगळ्या थ्रेडना दिसणारी खूण) लावून भागत नाही, कारण टेक()मध्ये अडकलेला थ्रेड पुढची पट्टी येईपर्यंत फ्लॅगकडे बघतच नाही. म्हणून बंद करताना आधी नवीन पट्ट्या घेणं थांबव, मग क्यूमध्ये 'संपलं' अशी खुणेची पट्टी टाक. ती हाती आली की थ्रेडने लूप सोडून फाइल बंद करावी. मेनने, म्हणजे मुख्य थ्रेडने, तोवर जॉइन(१००००) करून दहा सेकंद वाट पाहावी, आणि तरीही इजअलाइव्ह() खरं आलं, म्हणजे थ्रेड अजून चालूच असला, तर लॉगमध्ये नोंद करावी. हा क्रम बदललास तर खुणेनंतर आलेल्या पट्ट्या क्यूतच पडून राहतील. मध्येच कुठे प्रोग्राम तिथल्या तिथे बंद करणारं सिस्टिम.एक्झिट() असेल तर तेही शोध. त्यापुढे साधे थ्रेडही टिकत नाहीत.

वीज गेली तर यातलं काहीच उपयोगी नाही. त्यासाठी प्रत्येक पट्टीनंतर फ्लश() कर. फ्लश()ने मजकूर फक्त ऑपरेटिंग सिस्टिमकडे जातो. डिस्कवर उतरायला फाइलचॅनेलचं फोर्स() लागतं. ते सावकाश चालतं, पण एका अडत दुकानाच्या पट्ट्यांना कितीसा वेळ लागणार? शेतकऱ्याच्या पैशाचा कागद आहे, तेवढं करच.

पडद्यावरचे भाव दर पाच सेकंदांनी ताजे करणारा थ्रेड मात्र डीमनच राहू दे. तो अर्ध्यावर तुटला तरी काही बिघडत नाही. सेटडीमन स्टार्ट()च्या आधी हवं, नाहीतर इलीगलथ्रेडस्टेटएक्सेप्शन येतं. शिवाय डीमनच्या पोटात तयार केलेला थ्रेड आपोआप डीमन होतो. हे पटकन लक्षात येत नाही. प्रत्येक थ्रेडला नाव दे आणि जेस्टॅक (चालू थ्रेडची यादी दाखवणारं जावाचं साधन) चालवून बघ, डीमन असेल तर नावाच्या ओळीतच तसं लिहिलेलं असतं.

बदल झाला की शंभर पट्ट्या एकदम टाकून लगेच प्रोग्राम बंद कर आणि फाइलमध्ये किती आल्या ते मोज. एक जरी कमी भरली तरी जेस्टॅकचा मजकूर मला पाठव.

तुझा,
अभय