कोल्शिट्स्कीची पोती आणि न फुगणारे क्रीम

महोदय,

रविवार पुरवणीतील व्हिएन्नाच्या कॉफीगृहांवरचा लेख वाचला. १६८३ मध्ये तुर्कांनी शहराला घातलेला वेढा उठल्यावर त्यांच्या छावणीत सापडलेली कॉफीच्या बियांची पोती घेऊन कोल्शिट्स्कीने तिथले पहिले कॉफीगृह काढले, असे त्यात ठामपणे म्हटले आहे. वेढ्यातून निरोप नेणारा हा माणूस खरा, पण पोत्यांची गोष्ट पसरली ती शंभर वर्षांनी, १७८३ मध्ये छापलेल्या एका इतिहासामुळे. मग चिकटली ती चिकटलीच. कॉफी विकण्याचा परवाना मात्र योहानेस डिओडाटो या आर्मेनियन व्यापाऱ्याच्या नावे आहे : १७ जानेवारी १६८५, मुदत २० वर्षे. पुतळा कोल्शिट्स्कीचा, कागद डिओडाटोचा!

सोबत दिलेली 'आइनश्पेनर'ची, म्हणजे तिथल्या क्रीम घातलेल्या काळ्या कॉफीची, कृतीही फसणारी आहे. हे नाव एकाच घोड्याने ओढायच्या गाडीचे. गाडीवानाचा एक हात लगामाला, म्हणून कपबशीऐवजी कान असलेला काचेचा ग्लास. आणि वर फेटलेल्या क्रीमचा थर, म्हणजे खालची कॉफी लवकर निवत नाही. ढवळायची नसते, क्रीममधूनच प्यायची.

कृतीत 'फ्रेश क्रीम फेटावे' एवढेच लिहिले आहे. सांगलीत किराणा दुकानात मिळणाऱ्या फ्रेश क्रीमच्या पाकिटात सहसा २५ टक्के स्निग्धांश असतो. ते कितीही फेटा, फुगत नाही. कॉफीत ओतले की मिसळून जाते. ३५ टक्क्यांचे व्हिपिंग क्रीम लागते. केकवाल्यांचे टॉपिंग नको, ते बहुधा वनस्पती तेलाचे आणि आधीच गोड असते. भांडे आणि फेटणी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावी. एप्रिल-मेमध्ये भांड्याखाली बर्फही हवा, कारण स्निग्धांश मऊ पडला की हवेचे बुडबुडे धरत नाही. फेटणी उचलल्यावर टोक किंचित वाकले की थांबावे. आणखी फेटत राहिलात तर दाणे पडतात आणि शेवटी लोणी हाती येते. ग्लासात ६०-७० मिली कडक काळी कॉफी, वर दोन बोटे क्रीम. चिकोरी मिसळलेली पूड टाळावी. नेपोलियनच्या नाकेबंदीत कॉफी मिळेना तेव्हा व्हिएन्नाने चिकोरीच्या भाजलेल्या मुळांवर भागवले, पण तो नाइलाज होता.

शेवटचे, छायाचित्राबद्दल. त्यात पाण्याचा ग्लास कापला गेला आहे. तिथे कॉफीबरोबर तबकात पाणी येतेच, ग्लासवर चमचा आडवा पालथा ठेवलेला. एका कॉफीवर दोन तास वर्तमानपत्र वाचत बसले तरी वेटर पाणी बदलून देतो. बिल मागितल्याशिवाय आणत नाही.

– एक वाचक, विश्रामबाग, सांगली