बाबा, शाळेत जाऊ नका

आई बाबा,

काल बाबा म्हणाले की सोमवारी शाळेत जाऊन दाखल्यावरचं माझं स्पेलिंग दुरुस्त करून आणतो, तेव्हा माझी मीटिंग चालू होती म्हणून नुसतं हो हो केलं. परत फोन केला असता तर आईने मधेच घेतला असता आणि फॉर्म कोणी भरला होता यावरून तुमचं सुरू झालं असतं, म्हणून लिहितेय. बाबा, प्लीज जाऊ नका. तो गुडघा घेऊन जिने चढणार, क्लार्क म्हणणार साहेब रजेवर, मग म्हणणार शिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र आणा. काहीही गरज नाहीये.

झालंय एवढंच की होम लोनसाठी पॅन आणि आधारवरचं नाव जुळत नाही. पॅनवर डी एन वाय ए एन ए डी ए, आणि आधारवर दाखल्यासारखाच मधला ए गायब. पहिल्यांदा तर आधार कॅम्पमधल्या मुलाने जी वाय लावून ग्यानदा करून ठेवलेलं, ते बदलून घेतलं त्यात एक चान्स गेला आणि आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. आता उरलेला चान्स कशाला घालवू? दहावीचं मार्कशीट, डिग्री, पासपोर्ट सगळीकडे ए नाहीच्चे, पॅन एकटंच शहाणं. मग पॅनच बदलते, ऑनलाइन होतं, शंभरएक रुपयांत. कागदावर मी ज्ञान्दा, असूदे.

आणि ए असता तरी काय फरक पडला असता? ज्ञ आपण द्न्य म्हणतो, हिंदीवाले ग्य, शेजारच्या गुजराती काकी ग्नानदा बेटा करतात, अमेरिकेतला क्लायंट डायनाडा. रेल्वेनेच ज्ञानेश्वरी एक्सप्रेसचं स्पेलिंग जे एनने केलंय, तिथे माझं काय. सोसायटीचा वॉचमन गेंदा मॅडम म्हणतो. पहिले दोन महिने सांगून बघितलं, मग सोडून दिलं, दिवाळीत त्याने खरंच झेंडूची माळ आणून दिली.

ठाण्याचं पण तेच आहे म्हणा. १८५३ मध्ये पहिली गाडी आली ती टॅनाला, मग थाना, १९९६ मध्ये कुठे इंग्रजीत नीट ठाणे झालं, तरी ऑफिसमधले दिल्लीवाले अजून विचारतात, थाने में रहती हो क्या, पोलिसांच्या थान्यात राहिल्यासारखं.

आई, तू बाबांना आता ते तुम्हीच घाईत लिहिलंत वगैरे ऐकवू नकोस. तूच सांगायचीस ना की त्या दिवशी शाळेचे फॉर्म संपत आलेले आणि बाबा नाईट ड्युटी करून पोस्टाच्या सॉर्टिंगवरून थेट लाइनीत उभे राहिले होते. रात्रभर लोकांचे वेडेवाकडे पत्ते लावून आलेल्या माणसाने एक ए गाळला तर गाळला.

बाबा, चकलीच्या पार्सलवर मात्र माझं नाव इंग्रजीत लिहू नका, मराठीतच लिहा, आणि फ्लॅट नंबर नावापेक्षा मोठा. मागच्या वेळी डी विंगमधल्या कोणा ज्ञानेशकडे दोन दिवस पडलं होतं, डब्यातल्या सात कमी होत्या.

तुमची
ज्ञानदा