मुंजीची भेट पाठवते आहे, त्याआधी थोडं

कुसात्सु, शिगा
१२ मार्च

ती. आई आणि ती. बाबांना शि. सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. खोकला पूर्ण गेला, हीटर आता फक्त पहाटे लावते. बाकीचं रोज फोनवर कळतंच, ते लिहीत बसत नाही. पत्राला कारण झालं दादाच्या ओजसच्या मुंजीची भेट, म्हणजे निन्टेंडो कंपनीचा स्विच, हातात धरून गेम खेळायचं यंत्र. तिच्यावरून दादाशी माझं जरा वाजलं आणि ते तुमच्यापर्यंत अर्धंमुर्धंच पोचलं असणार. शिवाय आई, तू परवा म्हणालीस, "दुपारी साडेतीनला फोन केला की कट करतेस, कुणाबरोबर असतेस?" तेही मनात राहिलं.

कुणाबरोबर नसते गं. तेव्हा इथे जपानात सात वाजलेले असतात आणि मी क्योतोहून परत येताना गाडीत असते. इथे गाडीत फोनवर बोलत नाहीत. हळू बोलायचं असं नाही, बोलायचंच नाही. दंड नाही की कुणी येऊन ओरडत नाही. फोन 'मॅनर मोड'वर, म्हणजे आवाज बंद करून ठेवा, बोलणं टाळा, अशी घोषणा तेवढी होत राहते. आता गंमत बघ, माझ्या शेजारी दोघी जणी एकमेकींशी गप्पा मारत असतील तर कुणाची हरकत नसते. तेच बोलणं एकीने फोनवर केलं की डबाभर माना वळतात. हे कोडं मला पहिलं वर्षभर सुटलं नाही. कुणाचा फोन चुकून वाजलाच तर तो माणूस तोंडावर हात धरून "गाडीत आहे" एवढंच पुटपुटतो आणि ठेवून देतो. उभी राहायला जागा नसलेल्या डब्यात इतकी शांतता असते की शेजाऱ्याच्या पिशवीतला कागद चुरगळलेला ऐकू येतो. तुझा फोन कापताना मला बरं वाटत नाही. पण स्टेशनातून बाहेर पडल्याबरोबर मी उलटा फोन लावते की नाही? एकदाही चुकलेलं नाही.

तर या अर्ध्या तासात लोक वाचतात, झोपतात, नाहीतर हातात मावणाऱ्या यंत्रावर गेम खेळतात. हे यंत्र जन्माला आलं तेच गाडीमुळे, असं सांगतात. निन्टेंडोचे गुनपेई योकोई शिंकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने जात होते, समोर कंटाळलेला एक नोकरदार खिशातल्या कॅल्क्युलेटरची बटणं नुसतीच दाबत बसला होता. ते बघून त्यांना खिशात मावणारा खेळ सुचला आणि १९८० मध्ये 'गेम अँड वॉच' निघाला. बाबा, ही कंपनी आमच्या क्योतोतलीच. १८८९ मध्ये पत्ते बनवण्यापासून सुरू झाली, 'हानाफुदा' नावाचे. आपल्यासारखे बदाम-किलवर नाहीत. बारा महिने, दर महिन्याचं एक फूल नाहीतर झाड, आणि प्रत्येकाची चार पानं, असे अठ्ठेचाळीस. तुमच्यासाठी एक जोड घेऊन ठेवलाय.

आता दादाचं म्हणणं. तो म्हणाला, "एवढे पैसे घालून त्यावर साधं नेटफ्लिक्स दिसत नाही? मग टॅबच दे की." त्याचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही. पडदा चांगला आहे, आवाज चांगला आहे, सांगली-पुणे एसटीत पोराला एखादा सिनेमा लावून दिला तर वहिनीचा फोन तरी मोकळा राहील. निन्टेंडोच्याच आधीच्या ३डीएस यंत्रावर तर अमेरिकेत २०११ पासून नेटफ्लिक्स होतंही. पण २०१७ च्या मार्चमध्ये स्विच निघाला तेव्हा त्यावर एकही व्हिडिओ ॲप नव्हतं. नंतर त्याच वर्षी जपानात निकोनिको आलं, अमेरिकेत हुलू आलं, पुढच्या वर्षी यूट्यूब. नेटफ्लिक्स त्यावर आलं नाही, आणि मला विचाराल तर तेच बरं झालं. शिवाय स्विचमध्ये सिमकार्ड बसत नाही, नुसतं वायफाय. एसटीत व्हिडिओ बघायचा तर वहिनीच्याच फोनचं हॉटस्पॉट लावावं लागणार. म्हणजे फोन अडकला तो अडकलाच.

पण माझं खरं कारण हे नाही. ते दादाला सांगितलं नाही, तुम्हाला सांगते.

इथल्या पहिल्या हिवाळ्यात मी जुन्या बाजारातून एक स्विच घेतला होता. त्यावर एक व्हिडिओ ॲप टाकलं आणि रोज रात्री रजईत शिरून मराठी काहीबाही लावायचे. खोलीत आपली भाषा ऐकू आली की बरं वाटायचं. एक संपलं की दुसरं आपोआप सुरू व्हायचं, मला बोटही हलवावं लागत नव्हतं. बाबांना दवाखान्यात नेलं ती रात्र आठवते ना? तुमच्याकडे साडेदहा, इथे दोन वाजलेले. मी जागी होते. कानात हेडफोन होते आणि फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला होता. दादाने सात वेळा लावला. मी तुम्हाला "झोप लागली होती" असं सांगितलं होतं, ते खरं नव्हतं. तेच फोनवर बघत असते तर पडद्यावर दादाचं नाव आलं असतं. त्या यंत्रावर काहीच आलं नाही.

गेम खेळत असते तरी फोन ऐकू आला नसता, असं दादा म्हणेल, आणि तेही बरोबर आहे. पण गेम दोन तास आपोआप पुढे सरकत नाही. हात थांबले की तो थांबतो. आपण हरतो, चिडतो, उठून पाणी प्यायला जातो. मी दुसऱ्या दिवशी ते ॲप काढून टाकलं. स्विच ठेवला. गाडीत अजूनही त्यावर खेळते, डोळ्यांची काळजी करू नकोस, नंबर वाढलेला नाही.

मागच्या आठवड्यात समोरच्या बाकावर एक आजोबा आणि त्यांचा नातू बसले होते. पोराने आजोबांच्या मांडीवर दप्तर आडवं ठेवलं, त्यावर स्विच टेकवून उभा केला, दोन्ही बाजूंचे जॉय-कॉन, म्हणजे बटणांचे सुटे भाग काढले, निळा स्वतःला घेतला, लाल त्यांना दिला. आवाज बंद. मोटारींची शर्यत होती. आजोबा गाडी वळवताना स्वतःच अख्खे वळत होते आणि पोरगा तोंड दाबून हसत होता. माझं स्टेशन आलं तरी मला उठवेना.

म्हणून ओजसला साधा स्विच पाठवते आहे. 'स्विच लाइट' या छोट्या मॉडेलचे जॉय-कॉन सुटत नाहीत. नवा 'स्विच २' इथे २०२५ मध्ये ४९,९८० येनला निघाला, पण त्या किमतीचा मेनूपासून जपानी भाषेलाच बांधलेला आहे. जुना इंग्रजीतही चालतो. सोबत एकावन्न खेळांचा एक संच आहे, त्यात लुडो आहे आणि चक्क कॅरमही. चार्जर आपल्या विजेवर चालतो, फक्त पिन चपटी आहे, दादाला अडॅप्टर आणायला सांगा. रोज किती वेळ खेळायचं ते फोनवरून ठरवता येतं. त्या ॲपला इथे 'मिमामोरी' म्हणतात, म्हणजे लक्ष ठेवणं. त्यात एक तास लावा आणि ओजसने कितीही हट्ट केला तरी वाढवू नका. व्हिडिओचं ॲप मात्र घालू नका, एवढं माझं ऐका. त्याला कार्टून बघायचं तर हॉलमधल्या टीव्हीवर बघू दे, सगळ्यांसमोर.

ऑफिसातले एक जण एप्रिलअखेर पुण्याला येतील, त्यांच्याकडे देते. मला येता येत नाही. मुंज १४ मेला, आणि मेच्या पहिल्या आठवड्यातली मोठी सुट्टी संपून इथे नुकतं काम सुरू झालेलं असेल. विचारून बघितलं, दोनदा. मातृभोजनाला वहिनीशेजारी ओजस बसेल तेव्हा व्हिडिओ कॉल लावा, गुरुवार असला तरी मी गाडीत नसेन, तेवढ्यापुरती रजा काढली आहे. आत्याने करायचं जे असेल ते ताईला करू दे, तिला मी बोलले आहे.

स्लॅबच्या दुरुस्तीचे पैसे ५ तारखेला टाकले, बँकेत बघून या. बाबांच्या गोळ्यांना त्यातलेच वापरा, वेगळे मागायला संकोचू नका. आणि आई, नाशिकच्या स्थळाचं तू तीनदा विचारलंस आणि मी तिन्ही वेळा विषय बदलला. नको म्हणत नाहीये. त्यांचा नंबर पाठव, रविवारी मी स्वतः बोलेन. फक्त "इकडे यायला तयार आहे का" असं त्यांनी पहिल्याच फोनला विचारू नये, असं मामांकडून आधी सांगून ठेव.

ओजसला म्हणावं, लाल जॉय-कॉन आजोबांचा.

तुमची,
मनू

ता. क. फोन आता रात्री उशाशी असतो, आवाज पूर्ण वाढवून. कितीही वाजता लावा.