गाण्यातली ओळ तनाखमध्ये कुठे आहे?

चि. यएल हिस अनेक आशीर्वाद,

गाण्यांच्या पुस्तिकेत प्रत्येक गाण्याखाली तनाखमधला, म्हणजे हिब्रू पवित्र शास्त्रातला, संदर्भ द्यायचा, तर आधी ओळ हिब्रू अक्षरांत उतरवून घे. कानांनी ऐकून लिहिलेल्या देवनागरीचा शोधायला उपयोग नाही. गाताना बरेच जण देवाच्या नावाऐवजी ‘हाशेम’ म्हणतात, ‘एलोहेनू’चं ‘एलोकेनू’ करतात; तसंच शोधलंस तर हाती काही लागणार नाही. नाव सोडून शेजारचे दोन-तीन शब्द शोध. तरी नाही मिळालं, तर मधली वाव आणि योद ही हिब्रू अक्षरं काढून बघ. ही अक्षरं तनाखमध्ये कधी लिहिलेली असतात, कधी गाळलेली.

सापडलं म्हणून लगेच थांबू नकोस. ‘ओझी वेझिमरात याह’ तीन ठिकाणी आहे: निर्गम 15:2, यशया 12:2 आणि स्तोत्र 118:14. नेमकं कुठलं, ते गाण्याची पुढची ओळ सांगते. ‘झे एली वेअन्वेहू’ आलं तर निर्गम, ‘उशावतेम मायिम बेसासोन’ आलं तर यशया, ‘कोल रिना विशुआ’ आलं तर स्तोत्र. एकच ओळ घोळवली असेल तर तिन्ही संदर्भ छाप.

खरा कस लागतो ‘लेखा दोदी’त, म्हणजे शब्बाथच्या (विश्रांतीच्या पवित्र दिवसाच्या) स्वागताच्या गाण्यात. रचना 16व्या शतकातल्या, सफेद गावच्या श्लोमो हालेवी अल्काबेत्झ यांची. पहिल्या आठ कडव्यांच्या आद्याक्षरांतून ‘श्लोमो हालेवी’ हे नाव निघतं. पण तुकडे तनाखचे. ‘हितोररी’चं कडवं बघ. दबोरेच्या गीतात (शास्ते 5:12) आहे ‘दाब्री शीर’, इथे झालंय ‘शीर दाब्री’. यशया 60:1 मध्ये ‘कूमी ओरी की वा ओरेख’, इथे ‘की वा ओरेख कूमी ओरी’. कडव्याच्या पहिल्या तिन्ही ओळी ‘री’वर संपवायच्या म्हणून ही उलटापालट. त्यामुळे अख्खा शब्दसमूह शोधून उपयोग नाही, शब्द सुटे शोधावे लागतात. मला तरी हे कडवं सगळ्यात देखणं वाटतं.

शब्बाथ सरताना म्हणतात त्या ‘एलियाहू हन्नावी’त (एलीया संदेष्ट्याच्या गाण्यात) आणखी एक फसगत आहे. ‘हातिश्बी’ 1 राजे 17:1 मध्ये सरळ मिळतं. ‘हागिलादी’ शोधलंस तर मात्र इफ्ताह आणि बर्जिल्ल्य पुढे येतील. एलियाहूपुरतं ते त्याच वचनातल्या ‘गिलादच्या रहिवाशांपैकी’ यावरून घेतलंय, म्हणून तोच संदर्भ दे. तो पुन्हा येणार हे वचन मलाखीत आहे.

आकड्यांकडे नीट लक्ष दे, कारण मराठी पवित्र शास्त्राची ओवीसंख्या सगळीकडे हिब्रूशी जुळत नाही. मलाखी हिब्रूत 3:23, मराठीत 4:5. ‘लेखा दोदी’ हे दोन शब्द गीतरत्नात हिब्रू 7:12, मराठी 7:11. बऱ्याच स्तोत्रांत तर मथळाही हिब्रूत ओवी म्हणून मोजतात; 51व्या स्तोत्रात तो दोन ओव्यांचा आहे, म्हणून ‘लेव ताहोर’ हिब्रूत 51:12 आणि मराठीत 51:10. दोन्ही आकडे छाप, नाहीतर वाचणारे तुझीच चूक काढतील.

‘दाविद मेलेख इस्राएल’ तनाखमध्ये शोधत बसू नकोस. ती ओळ तालमूदमधली, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथातली आहे: त्यातला ‘रोश हशाना’ हा भाग, पान 25अ.

तुझी आई