सोन्याला बक्षीस, हाडांना काय?

महोदय,

बल्गेरियातल्या नोव्हा व्हर्बोव्का गावच्या शेतात निघालेल्या रोमन कबरींवरचा मजकूर वाचला. मथळा मात्र सोन्याच्या डुलांचा होता, म्हणून चार ओळी लिहितो.

2023 साली तिथे नांगरट करताना एका शेतकऱ्याला मोठी शिळा लागली. त्यानं कळवलं, वेलिको तर्नोवोच्या संग्रहालयाची माणसं आली. शिळांखाली विटांच्या, आतून गिलावा केलेल्या दोन कबरी, इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातल्या. एकीत पन्नाशी उलटलेला पुरुष आणि पन्नाशीच्या आतली बाई, दुसरीत दोन-तीन वर्षांचं लेकरू. त्या इवल्या कानांचे डूल आणि काचेचे मणीही मिळाले. रोमन सम्राट ट्राजननं वसवलेलं निकोपोलिस शहर याच मुलखातलं. तिथल्या एखाद्या सुखवस्तू जमीनदाराचं हे कुटुंब असावं.

एवढं कळलं ते हाडं, नाणी, मणी जागच्या जागी राहिले म्हणून. डूल परस्पर सराफाकडे गेले असते तर वजन कळलं असतं, लेकरू नाही.

कायद्याचा ओढा मात्र सोन्याकडेच. इंग्लंडमध्ये 1996 च्या कायद्यानुसार ‘ट्रेझर’ ठरलेल्या वस्तूचं बक्षीस शोधणारा आणि जमीनमालक वाटून घेतात. नुसत्या हाडांना त्यात जागा नाही. आपल्याकडे अजून 1878 चा निखात निधी कायदा चालू आहे. जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं की कलेक्टरला कळवायचं. (दहा रुपयांत आज चहाचा कपही धड येत नाही.) पण खापरं आणि हाडं यांची किंमत लावायची कुणी, आणि किती?

आमच्या नागपूरच्या परिसरात, जुनापाणी, माहूरझरीला लोहयुगातल्या दफनांची शिळावर्तुळं आहेत. वहितीसाठी कित्येक वर्तुळांचे दगड हलले. शेतकऱ्याला नावं ठेवणं सोपं आहे. पेरणी तोंडावर असताना खबर दिली तर पंचनामा होणार, वखर थांबणार आणि शेत कधी मोकळं होईल ते कुणी सांगणार नाही, या धास्तीनं तो गप्प बसतो.

दफन कळवणाऱ्याला, सोनं निघो न निघो, त्या हंगामाच्या पिकाची भरपाई मिळावी आणि उत्खननाची मुदत आधी लेखी द्यावी. पुरातत्त्व विभागाचं यावर काय म्हणणं आहे, ते आपण विचारून छापावं, ही विनंती.

– एक वाचक, नागपूर